मुसफ्फा, खोली नंबर अकरा

पाचवा महिना, पगार नाही.
फ्रिजमध्ये शमसुलची चार अंडी,
प्रत्येकावर निळ्या पेनाने त्याचं नाव, बंगालीत.
मला कुठे बंगाली वाचता येतं,
असं म्हणत एक उकडलं.

टरफल निघालं. नाव निघालं नाही,
आत पांढऱ्यावर फिकट निळं उतरलेलं.
मीठ लावून खाल्लं.

भुकेवर ढकलता आलं असतं.
पण पगार पाच तारखेला व्हायचा तेव्हाही
त्याचं खोबरेल माझ्याच डोक्याला असायचं;
तेव्हा त्याला मस्करी म्हणायचो.

रात्री शमसुलने अंडी मोजली.
परत मोजली.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मग ओल्या अंगठ्याने
उरलेल्या तिन्हींवरची नावं
पुसत बसला, घाई नसल्यासारखा.

दिवा मीच मालवला.