काचेवर चिकटवा

झोन ऑफिसच्या खिडकीतून वैरागडे म्हणाला,
"वर्षाचे अठराशे, काकू. मागच्या साली बाराशे होते."
मी म्हटलं, बापा,
फाटकासमोरची ती सहा फूट जागा
एकतीस वर्षं मीच झाडते,
कडुनिंबाचा पाला, लोकांच्या खर्ऱ्याच्या पन्न्या.
त्याची पावती फाडली का कधी तुमच्या नावानं?
हसला. शिक्का मारला.
"परवाना पुढच्या काचेवर चिकटवा."

लुनाला काच कुठं असते?

तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबत आली
तेव्हा गर्दीत घुसून बोंबलले,
पार्किंगचे अठराशे
घेऊन जाय गे मारबत!
मागून कुणीतरी माझ्याहून मोठ्यानं तेच.
वळून पाहते तर वैरागडे,
घामाघूम.

त्याच्या घरी दोन गाड्या.