सात नंबरचा आवाज

रबाळ्यात, दिघ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर
आमचा झाकणांचा कारखाना.
खोकल्याच्या औषधाचं झाकण तुम्ही पिळता,
ते कर्रकन मोडतं आणि मग फिरतं,
ते मोडणं आम्ही बनवतो.

सात नंबरचं मशीन माझं.
म्हणजे कंपनीचं; पण एकोणीस वर्षं
त्यानं कूस बदलली की मला कळायचं.
साचा मिटला की टक्, दाब आला की सूं,
आणि मध्ये एवढीशी जागा, शेंगदाण्याच्या सालीएवढी.
ती जागा हलली की मी खांबेटेसाहेबांना सांगायचो.
ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे,
"हिराजी, तू म्हणतोस म्हणजे असणार. थांबव."
बस्स, एवढंच.
एवढ्यावर मी सुट्टीच्या दिवशीही
गोठिवलीतून सायकल मारत यायचो.
बायको म्हणायची, अंथरूण तिकडंच घाला.

खांबेटे गेले. मग एक पत्रक आलं:
स्टुलावर बसल्याने डुलकी लागते.
स्टुलं गोळा झाली, पाण्याच्या टाकीमागे
एकावर एक, पाय वर,
मेलेल्या खेकड्यांसारखी.

तेही चाललं असतं. पायांना काय, सवय होते.
पण एका सकाळी नव्या साहेबांनी
कडेला पापुद्रा राहिलेलं एक झाकण
सगळ्या शिफ्टसमोर दोन बोटांत धरलं.
"हे घरी ने. बायकोला दाखव, काय कमावतोस ते."
कुणीतरी हसलं. त्याला दोष नाही,
त्याच्याही घराचा हप्ता होता.
झाकण मी खिशात घातलं.
घरी दाखवलं नाही.

त्यानंतर मी कधी चुकलो नाही.
सात म्हणजे सात, तीन म्हणजे तीन,
ठरलेली झाकणं, एक कमी नाही, एक जास्त नाही.
बोर्डावर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका.
फक्त कान घरी ठेवून यायला लागलो.

खरं तर तेही खोटं.
मार्चमध्ये ती जागा हलली, मी ऐकलं.
एप्रिलमध्ये सूंच्या शेपटीला खरखर लागली,
तीही ऐकली.
डबा उघडला, भाकरी खाल्ली, हात धुतले.
मे महिन्यात, रात्रपाळीला, सात नंबर
अंगात आल्यासारखं हललं आणि बसलं.
चार दिवस बंद. सुटा भाग परदेशातून.
चौकशीच्या फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे अर्धी ओळ होती.
मी लिहिलं: बेअरिंग.
अर्ध्या ओळीत तेवढंच मावलं.

आनंद झाला का? थोडा झाला.
मग उघडलेल्या मशीनचं पोट पाहिलं,
आणि वाटलं, आजारी जनावराशी अबोला धरला आपण.
भांडण त्याच्याशी नव्हतंच.

परवा मुंब्र्याची एक पोरगी आली, शिकाऊ,
नाझिमा मुकादम. हेल्मेट मोठं,
सारखं डोळ्यांवर येणारं.
सात नंबरच्या अंगावर तळवा ठेवून उभी राहिली.
"काका, हा आवाज रोजचाच?"

वर्षभरात कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता
ज्याचं उत्तर विचारणाऱ्याकडे आधीच नव्हतं.

मी गप्पच राहणार होतो.
ती थांबली. घड्याळ पाहिलं नाही.
"नाही," म्हटलं,
"रोजचा नाही. हात जरा खाली घे.
तिथं नाही.
इथं."