सत्तर अंश, चाळीस अंश

बारशाच्या दुसऱ्याच दिवशी पहिलं प्लास्टर.
सीपीआरच्या त्या खोलीत सगळ्यावर पांढरी धूळ,
पंख्यावर, घड्याळावर,
जमीरमामांच्या भुवयांवरसुद्धा.
"पाय धरा," ते म्हणाले. "आवळू नका. पाखरू धरल्यागत."

मी टर्नर माणूस, उद्यमनगरात अठरा वर्षं.
जॉब चकमध्ये आवळायचा, एवढंच या हातांना ठाऊक.
रेवणचा डावा पाय माझ्या पंजात,
टाच वर चढलेली,
तळवा दुसऱ्या तळव्याकडं वळलेला,
जणू त्याला काही विचारायचंय.

"हाड न्हवं ओ हे अजून," मामा म्हणाले,
"लोणी हाय. आत्ताच काय ते ऐकंल."

मग दर सोमवारी थोडा थोडा.
आदल्या रात्री बोटं मोजायची,
दाबून बघायची: पांढरी होतात, परत गुलाबी होतात.
दोन वाजता, चार वाजता, मोबाईलच्या उजेडात
मी माझ्या पोराचं रक्त परत येताना बघत बसायचो.
प्लास्टरला आंबूस वास, दुधाचा आणि घामाचा.
अजूनही कुठं ओला चुना दिसला की
मला तो वास येतो.

आक्काताई येऊन गेल्या, सगळं बघून गेल्या.
जाताना दारात म्हणाल्या, "गिराण पाळलं न्हाईसा जणू."
राजश्री त्या दिवशी जेवली नाही.
रात्री अंधारात म्हणाली,
"विळी घेतली होती मी हातात.
मेथी होती. विसरलो बघा मी, गिराण हाय ते."
मी काय बोलणार?
त्या दिवशी मी सकाळी आठपासून लेथवर होतो,
दिवसभर लोखंड कापत होतो.
ढीगभर बुरादा पडला होता पायाशी.
मला कुणीच काही विचारलं नव्हतं.
हे तिला सांगितलं.
ती बराच वेळ गप्प, आणि मग
हसली की रडली, अंधारात कळलं नाही.

पाचव्या प्लास्टरनंतर टाचेची शीर कापली.
एवढीशी. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांत
आपली आपण जुळेल, लांब होऊन जुळेल.
लोखंड असं कधी करत नाही.

मग बूट. मधे पट्टी,
डावा सत्तर अंश बाहेर, उजवा चाळीस.
दुकानातला कोनमापक घरी आणून मी तपासलं:
अडुसष्ट.
दोन अंशांसाठी सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवले.
राजश्री म्हणाली, झोपा आता.

केएमटीत एक बाई म्हणाली, "बेडी घातलीसा व्हय लेकराला?"
पेठेतली पोरं म्हणतात, काळजी नको, आपल्याच टीमकडनं खेळणार हा.
मला फुटबॉल नको.
एकदा रागानं दोन्ही पाय आपटावेत त्यानं,
सपाट, माझ्यावर.

आता अडीच वर्षांचा आहे. फक्त रात्रीचे बूट.
वेलक्रो उघडायला शिकलाय.
तीनला 'चर्र' होतं, मी उठतो.
"पप्पा, नको."
"पाचच मिनटं," मी म्हणतो.
रोज हेच खोटं, आणि तो रोज पाय पुढं करतो.
हे मला प्लास्टरपेक्षा जड जातं.

आज अंघोळीतून निसटला, तसाच ओला,
स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत.
शहाबादी फरशीवर पावलांची रांग.
डावं लहान, उजव्यापेक्षा बोटभर.
ते तसंच राहणार, डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.
दुकानात असा जॉब मी बाजूला काढला असता.
सवयीनं खाली वाकलो, फरक किती ते बघायला.
पण पंखा चालू होता,
बोटं आधी वाळली, मग टाच.

डावी टाच टेकली होती.
आतून राजश्री ओरडली, "धरा की त्याला!"