बजावणी

डॉक्टरीणबाईंनी डाव्या हातावर पेनाने रेघा मारल्या,
शेजारी आकडे, एक ते अकरा.
प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब, थेंबातून एक टोचणी.
'काका, खंजवाळशो नहीं,' म्हणाल्या,
आणि घड्याळ लावून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

बडोद्याच्या कोर्टात एकतीस वर्षं मी बेलीफ होतो.
हात न लावता बसून राहणं मला जमतं.

पंधरा मिनिटांत सगळे उभे राहिले:
हरळी, वावळा, विलायती बाभूळ, गाजरगवत, माठ, एरंड,
ज्याचं नाव पुकारावं तो हजर,
लाल, फुगलेला, गांधीलमाशी डसल्यासारखा.
मिठाच्या पाण्याचा थेंब तेवढा निमूट,
आपण ह्या गावचेच नाही असा.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या दवाखान्यातही हेच.
त्या कागदावर वावळा सगळ्यांत वर होता.
मी सोसायटीत अर्ज दिला, महापालिकेचा शिक्का आणला,
दारापुढचा वावळा दोन सकाळींत उतरवला.
त्याची पापडासारखी चपटी फळं
पुढे कितीतरी दिवस जिन्यात सापडत राहिली.
शिंका थांबल्या नाहीत.

'ह्या वेळी रक्त पाठवू,' बाई म्हणाल्या.
'अख्ख्या परागाला नको विचारायला.
आतला एकेक तुकडा वेगळा काढून विचारू.'

त्र्याऐंशी साली फतेपुऱ्यात समन्स घेऊन गेलो होतो.
मोहिते हैबतराव तुकोजी.
दार उघडलं तो हैबतराव तुकोजी मोहितेच होता.
गल्ली तीच. बापाचं नाव तेच.
त्याने चष्मा शोधला, सही केली, मला पाणी विचारलं.
मग तीन तारखा तो कोर्टाच्या पायऱ्यांवर
डबा मांडीवर घेऊन बसला,
दोन घरं पलीकडच्या हैबतरावाच्या कर्जासाठी.
माझ्या पुस्तकात साहेबांचा शेरा आहे, लाल शाईत:
ओळख पटवून घेतली नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट.
'हे बघा, प्रोफिलिन. सगळ्याच झाडापाल्यात असतं,
थोड्या फरकाने एकाच ठेवणीचं.
तुमचं रक्त ह्याला ओळखून बसलंय,
म्हणून त्याला जो तो ओळखीचा वाटतो.
टेटी खाल्ली की टाळू खाजते ना? तेही ह्याच्यामुळेच.'
मग बोट खालच्या ओळीवर:
'आणि हे फक्त हरळीचं. खरी तक्रार हिची.'

हरळी. म्हणजे दूर्वा.
म्हणजे कमाटीबागेत रोज सकाळी
डोळ्यांना बरं म्हणून मी अनवाणी तुडवतो ती.

'आणि वावळा?'
बाई थांबल्या. 'त्याचा स्वतःचा तुकडा तपासायची
आपल्याकडे सोय नाही, काका.
पण बहुतेक... नाही.'

बहुतेक.
हा शब्द मी कुठल्याही समन्सवर कधी लिहिला नव्हता.

घरी आलो. वावळ्याच्या जागी सोसायटीने फरशा बसवल्यात.
दोन फरशांच्या फटीतून बोटभर हिरवं वर आलेलं,
टोकाला तुरा, चिमणीच्या पावलासारखा,
वारा लागेल तशी धूळ सांडणारा.
नाकाला रुमाल लावला.
गुडघे कुरकुरले, तरी खाली बसलो,
आणि ह्या वेळी
नीट पाहून घेतलं.