पेटीतला वाटाणा

हाडांची पेटी ग्लॅडस्टन फर्नांडिसकडून घेतली,
घासाघीस करून पाचशे कमी, वर पाव किलो कुंदा.
तो म्हणाला, "कवटी सोडून सगळं आहे बघ.
कवटी भाड्यानं मिळते, परीक्षेपुरती."

झाकणाच्या आत आधीच्या मालकांची नावं,
चार शाया, दोन लिप्या.
निंगप्पा हुदलीमनी. शमीम सनदी, दोनदा.
कुणी नाव न घालता मराठीत लिहिलंय, "देवा, पास कर."
खाली कन्नडात त्याला उत्तर.
शिवलीलानं वाचून दाखवलं: मोदलु ओदु.
आधी वाच.

डाव्या मनगटाची हाडं नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली.
आठ हवीत.
मोजली तर सात हाडं आणि एक वाटाणा.
पिसिफॉर्म हरवलं म्हणून कुणीतरी
सुका वाटाणा भोक पाडून ओवलेला.
चूक कशी म्हणू? पुस्तकातही तेच आहे,
आकार वाटाण्यासारखा.
फक्त पुस्तकातल्याला कीड लागत नाही.
हुलकोटी मॅडमनी माळ उजेडात धरली.
"हे काय?"
"पिसिफॉर्म, मॅडम."
चष्मा कपाळावर गेला.
"की उसळ?"

आठांची नावं तोंडात बसेनात.
सीनियर जे इंग्रजी वाक्य देतात
ते घरी मोठ्यानं घोकता येत नाही.
मग जांबोटीच्या शेवटच्या बसमध्ये, टपाच्या शिडीशी
ट्रंक बांधणाऱ्या एका पोराकडं बघत मी जुळवलं:
सदा, लवकर ट्रंक पॅक.
ट्रक टळला, कुंदा हरवला.
स्कॅफॉइड, ल्यूनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म…
पुढचं तुम्ही लावा.
आठवड्यात सदा अख्ख्या हॉस्टेलचा झाला.
शिवलीला मध्यरात्री उठवून विचारायची,
यारिव सदा? कुंदा खाल्ला कुणी?
ते मला अजून माहीत नाही.
कॅपिटेट मात्र विसरले नाही.

वॉर्ड सुरू व्हायच्या आधी तिनं मला शिकवलं:
एल्लि नोवु, कुठं दुखतं.
उसिर तगोळ्री, श्वास घ्या.
बिडरी, सोडा.
बदल्यात मी दिलं, कळ, ठणका, चमक,
शिणक, मुरडा, आग, ठसठस.
वही भरली तशी ती म्हणाली,
एवढं दुखतं तुम्हाला?

खाट अकरा. केसपेपरवर नाव मल्लवा.
मी नावावरून भाषा ठरवली.
पाठीला स्टेथोस्कोप लावला,
"उसिर तगोळ्री."
ती गप्प.
"बिडरी."
म्हातारी मान वळवून म्हणाली,
"बिडी? ती कवाच सोडली की बाई.
निपाणीत बत्तीस वर्सं वळली, हजारानं.
मग छाती म्हणाली पुरे. सोडली."

शिवलीला स्टूलावर बसली ती हसतच.
पलीकडच्या खाटा हसल्या.
कशाला हसतात ते न कळूनही मल्लवा हसली,
हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत
मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी.
शब्द चुकला होता तिचा,
अर्थ नाही.

चादरीच्या काठाशी तिची बोटं
नसलेलं पान वळत होती.
नाडी बघते म्हणून मी मनगट हातात घेतलं.
करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या मुळाशी
एक लहानसा उंचवटा,
दाबला की जरा सरकणारा.
मिनिटभर नाडी मोजायची राहूनच गेली.
"काय सापडलं?" तिनं विचारलं.
"वाटाणा," मी म्हटलं.
"शिजवून खा," ती म्हणाली.

यंदा पेटी मी विकायला काढली आहे.
किंमत मी दिली तीच, कुंदा अर्धा किलो.
झाकणात माझं नाव, त्याखाली सदाची ओळ.
वाटाणा नवा आहे, खानापूरच्या बाजारातला,
कीड नाही, बघून घे.
कवटीचं विचारू नकोस.