चुळबुळ

रात्रपाळी. दुब्नात उणे एकोणीस.
खिडकीबाहेर बर्चची झाडं, सालीवर काळ्या रेघा,
कुणी आकडेमोड अर्धी टाकून गेल्यासारख्या.

अग्निया प्रोखोरोव्ना मोजतेय.
एका टकरीत प्रोटॉन अकरा.
पुढच्या टकरीत नऊ.
मग सतरा. मग परत दहा.
चहातला मुरंबा तळाशी बसलाय, चमचा तसाच.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
इथे शितागणिक भात वेगळा निघतो
आणि भांडं तर चुलीवर चढायच्या आत विझलेलं:
दोन जड गाभे धडकले, वितळले,
क्वार्क घर सोडून क्षणभर मोकळे हिंडले,
आणि पुन्हा गोठले.
गोठले! लाख कोटी अंशांवर.
या लोकांचा शब्द आहे तो, माझा नाही.

ती शोधतेय तो एक बिंदू
जिथे वितळणं आणि न वितळणं यांमधली रेघ संपते,
जिथे पदार्थाचं काही ठरत नाही,
एका कोपऱ्यातली चुळबुळ
पार दुसऱ्या टोकाला जाणवते.
सरासरी तिथेही शांतच असेल.
सरासरीला कधी काय कळलंय?

वडील व्होल्गावर बर्फ मोजायचे.
पन्नास पावलांवर एक भोक, एक नोंद.
त्या मार्चमध्ये त्यांनी लिहिलं: सरासरी अडतीस, ट्रक जाऊ शकेल.
ट्रक गेला.
सरासरीत कुणी बुडत नाही.
बुडतात ते जिथे अकरा होतं तिथे.
त्यानंतर त्यांच्या वहीत बेरीज नाही, भागाकार नाही,
नुसते आकडे, एकाखाली एक,
शेवटच्या पानापर्यंत.

येर्लान विचारतो, "दिसतंय काही?"
आलेखाच्या एका जागी वळण आहे, आहेसं वाटतं,
पण चुकीची दांडी त्या वळणाहून उंच.
"अजून काही म्हणता येत नाही," ती म्हणते,
आणि ऊर्जा एक पायरी खाली घ्यायला सांगते.

सकाळी ती नदीकाठाने घरी निघते.
बर्फावर एक म्हातारा, पाठीला मासे धरायची पेटी.
पहारीने ठोकतो. कान देतो.
दोन पावलं डावीकडे सरकतो,
पुन्हा ठोकतो.

तो पेटीवर बसेपर्यंत
ती हातमोजे न घालताच उभी राहते.