दुसरी फिल्म

मोखोत्लाँगच्या दवाखान्यात मी छातीचे फोटो काढते.
या खोलीत रंगांचे अर्थ उलटे:
काळं म्हणजे हवा, काळं म्हणजे बरं.
पांढरं दिसलं की मी तोंड मिटते
आणि फिल्म डॉक्टरांकडे पाठवते.

न्ताते फेएलो आले ते जूनमध्ये,
घोंगडीवर बर्फ, बुटांत कोंबलेलं वर्तमानपत्र.
वेल्कमच्या खाणीत अकरा वर्षं,
मग डोंगरावर अंगोरा शेळ्या.
थुंकीत क्षयाचे जंतू, मोजवेनात इतके.
रक्तात दुसराच एक जुना विषाणू,
त्यानं राखणदार पेशी एकेक करून संपवलेल्या.
आणि फिल्म?
जवळजवळ काळी. स्वच्छ.
मी नवखी, मला हायसं वाटलं.
डॉक्टर रामोखेले म्हणाल्या,
"जिथं कुणी भांडतच नाही
तिथून आवाज कसा यायचा?"

गोळ्या सुरू झाल्या. आधी क्षयाच्या,
पंधरवड्यानं विषाणूच्या.
ते मक्याचा घाटा मागून घेऊ लागले,
शेजारच्या खाटेवरच्याशी पैज लावू लागले.
आणि तिसऱ्या आठवड्यात ताप,
मानेत गाठी,
श्वास फाटक्या भात्यासारखा.

दुसरी फिल्म दिव्यावर लावली,
तर सानीच्या खिंडीत उतरतं तसं धुकं
उजव्या बाजूला खालपर्यंत.
थुंकी पुन्हा तपासली. जंतू जेमतेम.
मी चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचलं,
माणूस बदलला तर नाही ना.

त्यांनीच मला समजावलं,
नाकात नळी, दोन शब्दांमागे एक धाप:
"पोरी, कोल्हा गोठ्यात शिरायचा
तेव्हा माझी कुत्री उपाशी होती.
पडून बघायची नुसती.
कोल्हा बिनघोर खायचा, रात्र कशी शांत.
तुम्ही कुत्र्यांना खाऊ घातलंत.
आता ती उठलीत,
आणि कोल्ह्याच्या वासावर,
अगं, नुसत्या वासावर,
दगडी भिंत पाडतायत, करडं तुडवतायत."

म्मे मालेशोआनेनं विचारलं, "मग कुत्री मारायची?"
"बांधायची," रामोखेले म्हणाल्या
आणि प्रेडनिसोलोन लिहिलं.
किती, ते मात्र तीनदा खोडून लिहिलं.
दोर आखूड केला तर कोल्हा परततो.
सैल सोडला तर गोठाच राहत नाही.
त्या दिवशी कागद फाटेल असं वाटलं होतं मला.

तिसरी फिल्म पीचचा बहर झडून गेल्यावर.
"श्वास घ्या. धरून ठेवा."
त्यांनी धरला. खोकला आला नाही.
वरच्या टोकाशी एक ओरखडा, तो राहणार.

जाताना त्यांनी जुनी फिल्म मागितली,
झोपडीच्या खिडकीची काच फुटलीय, वारा येतो.
मी पहिली दिली, सगळ्यांत देखणी.
दाराशी उजेडाला धरून त्यांनी ती परत केली.
"हिच्यातून काहीच येत नाही.
ती दे, जिच्यात मी मरत होतो."

दुसरी काढून दिली.
धुकं होतं तिथून अंगणातला घोडा दिसत होता,
शेपटीसकट.
इतके महिने फिल्मा दिव्यावर लावून
मला हे सुचलं नव्हतं.

मालेशोआनेनं ती घोंगडीत गुंडाळली,
मग पुन्हा उलगडली.
"काळीज कुठल्या अंगाला ते सांग," म्हणाली,
"ते चुलीकडे लावीन."